हात फिरला की शीण उतरला! मालिशीच्या २२ खुसखुशीत गोष्टी

'जरा खांदे दाबून दे गं!' संध्याकाळ झाली की मराठी घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरलेली, मान आखडलेली, डोकं जड झालेलं. मग कुणीतरी मागे येऊन उभं राहतं, मानेच्या बुडाशी दोन्ही अंगठे रोवतं आणि पाच मिनिटांत आपला श्वास लांबतो, खांदे खाली येतात, तोंडातून आपोआप 'हाऽऽश' निघतं. मालिश म्हणजे श्रीमंतांचे चोचले असं कुणी म्हणत असेल, तर त्याला पुढचं सगळं वाचून दाखवा. आपलं अंग मालिशीला दाद देतं, त्याला शरीराच्या रचनेतच भक्कम कारणं आहेत.

ताण कुठे साठतो?

१. काळजी मनाला, भार खांद्याला
कर्जाचा हप्ता थकलाय, मुलीचा निकाल लागायचाय, साहेबांचा फोन येऊन गेलाय. शरीराला यातलं काही वेगवेगळं कळत नाही, त्याला फक्त 'धोका आहे' एवढंच कळतं. ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं रक्तात उतरतात, छाती धडधडते आणि स्नायू लढायला किंवा पळायला सज्ज होतात. लढाई होत नाही, पळापळही होत नाही, स्नायू मात्र आवळलेलेच राहतात. यात हमखास सापडतो तो मानेपासून खांद्यांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस हा स्नायू. प्रयोगशाळेत माणसाला बसल्या जागी नुसती अवघड तोंडी गणितं घातली, तरी या स्नायूतली विद्युत हालचाल वाढलेली दिसते. काडीही न उचलता खांदे भरून येतात, ते असे.

२. पाच किलोचं डोकं, सत्तावीस किलोचा भार
मोठ्या माणसाच्या डोक्याचं वजन साधारण पाच किलो. ताठ बसलात तर मणका ते सहज पेलतो. २०१४ साली न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हन्सराज यांनी संगणकीय प्रारूपावरून हिशेब मांडला. मान १५ अंश वाकली की मणक्यावरचा भार १२ किलो, ३० अंशांना १८ किलो आणि मांडीवरच्या मोबाइलकडे बघताना वाकते तशी ६० अंश वाकली की तब्बल २७ किलो! म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीहून जास्त ओझं घेऊन आपण रील्स बघत असतो. मानेला मालिश जरूर करा, पण मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरायलाही शिका.

त्वचेची करामत

३. कुरवाळण्यासाठी खास नसा
टाचणी टोचली की मेंदूला क्षणात खबर जाते, कारण त्या नसा वेगवान असतात. पण आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे हात, पाठ, चेहरा इथे, काही अतिशय सावकाश नसाही आहेत. त्यांच्यातून संदेश जातो सेकंदाला जेमतेम एक मीटर वेगाने. स्वीडनचे संशोधक ओके वाल्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात माणसाच्या हातातल्या या नसांची नोंद घेतली. या नसांची आवड ठरलेली आहे: सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणारा आणि त्वचेइतकाच कोमट हात. त्याहून भरभर फिरवलात किंवा फारच रेंगाळलात, तर त्या थंडावतात. त्यांची खबर मेंदूच्या भावनांशी जोडलेल्या भागात पोचते. आणि गंमत बघा, आईवडिलांना 'बाळाला कुरवाळा' एवढंच सांगितलं, तर त्यांचा हात न शिकवता याच वेगाने फिरतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.

४. दाब ओळखणाऱ्या प्रथिनाला नोबेल
पाठीवर अंगठा दाबला हे पेशीला कळतं कसं? हे कोडं सोडवायला आर्डेम पटापुटियन यांच्या चमूने पेशींना बारीक नळीने टोचून बघितलं, ७२ संशयित जनुकं निवडली आणि एकेक बंद करत गेले. ज्या जनुकाशिवाय पेशीला टोचणीच कळेना, ते सापडलं. त्यातून पिएझो-१ आणि पाठोपाठ पिएझो-२ ही प्रथिनं हाती लागली. पेशीच्या आवरणावर दाब पडला की ही प्रथिनं उघडतात आणि विद्युत संदेश सुटतो. आपल्या स्पर्शज्ञानाची मुख्य भिस्त पिएझो-२ वर आहे. २०२१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पटापुटियन आणि डेव्हिड ज्युलियस यांना मिळालं. चंपी करताना डोक्यावर पडणारा प्रत्येक दाब मेंदूपर्यंत जातो, तो याच दारांतून.

५. ठेच लागली की आपण चोळतो का?
टेबलाच्या पायाला करंगळी आपटली की हात आधी तिकडे जातो आणि चोळू लागतो. हे शहाणपण कुणी शिकवलेलं नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली त्याचं कारण मांडलं. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश तिथे गर्दी करून पोचले, की वेदनेच्या संदेशांना वाट कमी मिळते. पुढे या सिद्धांतात भर पडली, दुरुस्त्या झाल्या, पण वेदनेच्या अभ्यासाची दिशा त्याने बदलली. दुखऱ्या कंबरेवर तळहात रगडला की बरं वाटतं, त्यामागेही हेच गणित आहे.

६. स्वतःची चंपी फिकी का लागते?
स्वतःला गुदगुल्या करून बघा. होत नाहीत! हात कुठे, कसा लागणार याचा अंदाज लहान मेंदू आधीच बांधून ठेवतो आणि मग त्या स्पर्शाची जाणीव बोथट होते. सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन हे दाखवलं. दुसऱ्याचा हात पुढच्या क्षणी कुठे पडेल, ते मेंदूला ठाऊक नसतं, म्हणून तो स्पर्श पुरेपूर पोचतो. स्वतःचे पाय स्वतः चोळल्याने फायदा होतोच, पण दुसऱ्याच्या हाताची सर त्याला येत नाही.

७. पाठ भोळी, बोटं हुशार
घरच्या घरी करण्याजोगा प्रयोग. दोन पेन्सिली एकमेकींपासून दोन सेंटिमीटरवर धरा आणि डोळे मिटलेल्या माणसाच्या पाठीला एकाच वेळी हलकेच टेकवा. त्याला बहुधा एकच टोक जाणवेल! बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन बिंदू वेगळे ओळखता येतात, पाठीला मात्र त्यासाठी जवळजवळ चार सेंटिमीटर अंतर लागतं. पाठीत नेमकं कुठे दुखतंय हे आपल्याला सांगता येत नाही, 'थोडं वर... डावीकडे... हां, तिथेच!' असं मालिश करणाऱ्याला फिरवावं लागतं, ते त्यामुळेच.

८. हलक्या हाताने की जोर लावून?
मायामी विद्यापीठातल्या अभ्यासांत मालिश घेणाऱ्यांचे दोन गट केले होते. मध्यम, नेटका दाब मिळालेल्यांच्या हृदयाची गती खाली आली आणि शरीराला विसावा देणाऱ्या व्हेगस नसेचं काम वाढल्याचं दिसलं. अगदी निसटता हात फिरवलेल्यांत मात्र उलट उत्तेजन दिसलं. जीव कळवळेल इतका जोरही नको, कारण दुखलं की स्नायू पुन्हा आवळतात. दाब असा हवा की घेणाऱ्याचा श्वास अडकू नये.

प्राण्यांनाही कळतं

९. माशांचा मसाज
प्रवाळाच्या खडकांत सफाईचा धंदा करणारे छोटे मासे असतात. ते मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातात आणि मधूनमधून आपल्या परांनी गिऱ्हाइकाच्या अंगावर हलकेच थापटतातही. पोर्तुगालच्या मार्ता सोआरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक झकास प्रयोग केला. त्यांनी सर्जन माशांच्या टाकीत सफाई माशाची हलणारी खोटी प्रतिकृती ठेवली. सर्जन मासे तिच्याशी जाऊन अंग घासून घेऊ लागले आणि त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल उतरलं! न हलणाऱ्या प्रतिकृतीने हा परिणाम साधला नाही. परजीवी एकही निघाला नव्हता, उपयोग झाला तो निव्वळ स्पर्शाचा. २०११ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं.

१०. माकडांची निवांत बैठक
माकडं एकमेकांचे केस विंचरत तासन्‌तास बसतात. काही जाती तर जागेपणाच्या वेळेचा पाचवा हिस्सा यात घालवतात. नुसती स्वच्छता करायची तर एवढा वेळ लागत नाही. केस विंचरून घेणाऱ्या माकडाच्या हृदयाची गती उतरते आणि शरीरातलं एंडॉर्फिन वाढतं, असं अभ्यासांत आढळलं आहे. कळपातली भांडणं मिटवायला आणि दोस्ती टिकवायला हाच उपाय त्यांच्या उपयोगी पडतो.

बाळ, बाई आणि आजी

११. दहा दिवसांची मालिश, सहा दिवस आधी घरी
गर्भाला ऐकू येण्याच्या, दिसण्याच्या कितीतरी आधी, साधारण आठव्या आठवड्यात, स्पर्श कळू लागतो. जन्मानंतरही त्याचीच भूक मोठी. १९८६ साली टिफनी फील्ड यांनी अमेरिकेत अकाली जन्मलेल्या बाळांवर अभ्यास केला. दिवसातून तीनदा, १५-१५ मिनिटं, दहा दिवस त्यांच्या अंगावरून हात फिरवला आणि हातपाय हलवून घेतले. मालिश न मिळालेल्या बाळांपेक्षा या बाळांचं वजन दररोज ४७ टक्के अधिक वाढलं आणि ती सरासरी सहा दिवस आधी घरी गेली. दूध दोन्ही गटांना सारखंच होतं. व्हेगस नस जागी झाल्याने पोटाची हालचाल आणि पचन सुधारतं, असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं.

१२. शीवच्या रुग्णालयात खोबरेल
मुंबईतल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नवजात बाळांना तेलाने मालिश करून बघितली. काहींना खोबरेल, काहींना खनिज तेल आणि काहींना तेलाऐवजी नुसती पावडर. अकाली जन्मलेल्या बाळांत खोबरेल लावलेल्यांचं वजन इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त वेगाने वाढलं. २००५ साली हे निष्कर्ष छापून आले. आजीच्या खोबरेलाच्या वाटीला शास्त्राचा दाखला मिळाला, तो आपल्याच मुंबईत.

१३. तेल-पाणी करणाऱ्या बाईंचे हात
बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईंचं काम कधी बारकाईने बघितलंय? न्हाणीघरात पाटावर बसून त्या दोन्ही पाय लांब पसरतात आणि बाळाला पोटऱ्यांवर निजवतात. कोमट तेल आधी टाळूवर थापून जिरवायचं, मग छातीवरून दोन्ही हात बाहेर काढायचे. एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय पोटावर तिरपे जुळवायचे, की बाळ खुदकन हसतं. मग ते पालथं पडतं आणि मानेपासून ढुंगणापर्यंत तळहात सरळ रेषेत खाली उतरतो. दूध-बेसन, ऊन पाणी, मऊ पंचा झाला की बाळ गाढ झोपतं. या सगळ्यात बाईंचे दोन्ही हात एकदाही एकदम उचलले जात नाहीत. एक हात अंगावर असतोच. म्हणून बाळ घाबरत नाही. शिकून आलेला मसाज थेरपिस्टही हाच नियम पाळतो. सव्वा महिना हे काम करणाऱ्या या बायका आपल्याकडच्या जाणत्या कारागीर आहेत, आणि त्यांचा मान आणि मेहनताना दोन्ही वाढायला हवेत.

१४. देणाऱ्यालाही लाभ
टिफनी फील्ड यांच्या चमूने १९९८ साली निवृत्त स्वयंसेवकांना बाळांची मालिश करायला दिली. काही आठवड्यांनी या ज्येष्ठ मंडळींचीच चिंता आणि उदासी कमी झाली होती. अभ्यास छोटा होता, पण घरात नातवंडाला तेल लावणाऱ्या आजीचा चेहरा बघितला की तो पटतो. आजी-आजोबांना घरातली ही जबाबदारी आवर्जून द्या.

१५. नुसता हात धरला तरी
२००६ साली जेम्स कोन यांनी अमेरिकेत १६ विवाहित स्त्रियांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि 'आता हलका विजेचा झटका बसू शकतो' अशी सूचना दिली. नवऱ्याने हात धरला, की मेंदूतल्या धोक्याच्या वेळी जाग्या होणाऱ्या भागांची धावपळ कमी झाली. अनोळखी माणसाने हात धरला तेव्हाही थोडा फरक पडला. ज्यांचा संसार अधिक सुखाचा, त्यांना नवऱ्याच्या हाताचा आधार अधिक लाभला.

राजवाडा ते चौपाटी

१६. राजाच्या सुखांच्या यादीत पायाची मालिश
बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ज्ञानकोश रचला. राजाने भोगायच्या वीस सुखांची त्यात यादी आहे. भोजन, वस्त्र, तांबूल, शय्या यांच्या पंगतीला पादाभ्यंग, म्हणजे पायांना तेल चोळणं, हे स्वतंत्र सुख म्हणून मांडलेलं आहे. त्याच्याही कितीतरी आधी आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी अभ्यंगाला रोजच्या दिनचर्येत जागा दिली. वाग्भटाने तर डोकं, कान आणि तळपाय यांच्याकडे विशेष लक्ष द्यायला सांगितलं. आपण ही रोजची गोष्ट उचलून दिवाळीच्या एका पहाटेपुरती ठेवली, हे मात्र चुकलं.

१७. राजगृहाचा वैद्य, बँकॉकचा गुरू
बुद्धाच्या काळात राजगृहात जीवक नावाचा नामांकित वैद्य होता. थायलंडमधले मालिश करणारे आजही त्याला आपल्या विद्येचा आद्यगुरू मानून वंदन करतात. बँकॉकच्या वाट फो मंदिरात एकोणिसाव्या शतकात राजा तिसरा राम याने शरीरावरच्या दाबबिंदूंची माहिती दगडी फलकांवर कोरून घेतली. कुणीही यावं आणि वाचून शिकावं, अशी सोय! २०१९ साली 'नुआद थाई' ही थाई मालिश युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

१८. दोन इंग्रज राजांचा बिहारी मालिशवाला
१७५९ साली पाटण्यात जन्मलेला शेख दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होता. पुढे तो आयर्लंडला गेला. १७९४ साली त्याने प्रवासवर्णन छापलं. इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारा तो पहिला भारतीय. लंडनमध्ये त्याने १८१० साली हिंदुस्थानी खाणावळ काढली, ती चालली नाही. मग त्याने समुद्रकाठच्या ब्रायटन गावी मालिशीचं स्नानगृह थाटलं. रुग्णाला फ्लॅनेलच्या तंबूत वनस्पतींच्या वाफेत बसवायचं आणि तंबूला शिवलेल्या बाह्यांतून हात आत घालून अंग रगडायचं, अशी त्याची तऱ्हा. तिची कीर्ती एवढी पसरली, की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्याला 'शाम्पूइंग सर्जन', म्हणजे मालिशीचा वैद्य, म्हणून नेमलं.

१९. डोळ्यांचं काम बोटांनी
सतराव्या शतकात जपानमध्ये सुगियामा वाइची या दृष्टिहीन वैद्याने अंधांसाठी ॲक्युपंक्चर आणि मालिशीच्या शाळा उघडल्या. तिथे ही विद्या शेकडो वर्षं दृष्टिहीनांच्या उपजीविकेचा आधार बनली. दक्षिण कोरियात तर मालिशीचा परवाना कायद्याने फक्त दृष्टिहीनांनाच मिळतो. २००८ साली तिथल्या घटना न्यायालयानेही हा कायदा उचलून धरला.

२०. तालीम, काशाची वाटी आणि बाटल्यांचा किणकिणाट
आपल्या मातीत या विद्येच्या तीन पक्क्या खुणा आहेत. पहिली कोल्हापूरची तालीम. गंगावेस असो, मोतीबाग असो की शाहूपुरी, मेहनत झाली की पठ्ठे एकमेकांचं अंग रगडायला बसतात. तळहात, कोपर, गुडघा, सगळं कामाला येतं. हौदातल्या तांबड्या मातीतही तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती मऊ राखलेली असते. थकलेल्या जोडीदाराचं अंग मोकळं करून देणं हा तालमीच्या शिस्तीचाच भाग आहे.

दुसरी काशाची वाटी. तळपायाला तूप किंवा तेल लावायचं आणि तांबं-कथिलाच्या या मिश्रधातूची वाटी गोल गोल घासायची. थोड्या वेळात तळवे काळेभोर होतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, 'बघ, केवढी उष्णता निघाली!' तो काळेपणा येतो वाटीचा धातू किंचित झिजून तेला-घामात मिसळल्यामुळे. झोप मात्र खरीखुरी लागते, कारण तळव्याच्या त्वचेत दाब ओळखणारी टोकं दाटीवाटीने असतात आणि वाटीच्या संथ, एकसारख्या फेरीने अंग निवांत होतं.

तिसरी मुंबईची चौपाटी. हातातल्या तेलाच्या बाटल्या किणकिणवत फिरणारा मालिशवाला 'प्यासा' या चित्रपटाने १९५७ साली देशभर पोचवला. पडद्यावर तो रंगवला जॉनी वॉकरने. सिनेमात येण्याआधी तो स्वतः बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होता, त्यामुळे थकल्याभागल्या मुंबईकरांची डोकी त्याला पुरती ठाऊक होती.

खरं काय, भ्रम काय?

२१. 'विष बाहेर पडतं' हे विसरा
मालिशीने अंगातली घाण निघते, लॅक्टिक ॲसिड वाहून जातं, असं सर्रास सांगितलं जातं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१२ साली याचा छडा लावला. ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली आणि मग प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केली. दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. लॅक्टिक ॲसिडमध्ये काहीच फरक नव्हता. मात्र मालिश झालेल्या पायात सूज वाढवणारे संदेश कमी झाले होते आणि पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया नव्याने घडवण्याचा संदेश वाढला होता. थापेपेक्षा सत्य जास्त सुंदर निघालं!

२२. सगळ्यात मोठा फायदा मनाला
२०१० साली लॉस एंजेलिसमध्ये ५३ निरोगी लोकांवर अभ्यास झाला. ४५ मिनिटांच्या एका स्वीडिश मसाजनंतर रक्तातल्या संप्रेरकांत आणि पांढऱ्या पेशींत फरक दिसला. पण कॉर्टिसॉल धाडकन उतरतं, हा दावा पुढच्या आढाव्यात टिकला नाही. घट अगदी थोडी आढळली. याउलट २००४ साली ३७ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सर्वांत ठळक परिणाम दिसला तो चिंता आणि उदासी कमी होण्यात, तोही मालिश पुन्हा पुन्हा घेणाऱ्यांत. २०११ साली जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवर अभ्यास झाला. आठवड्यातून एकदा, असं दहा आठवडे मालिश केली, तेव्हा साधी विसाव्याची मालिश आणि ठरावीक स्नायूंवर नेमकी केलेली मालिश, दोन्ही जवळपास सारख्याच उपयोगी पडल्या. सांगायचं तात्पर्य, महागड्या तंत्राची गरज नाही. नेमाने केलेली साधी मालिश पुरते.

इथे हात आवरा

ताप, ताजी जखम, हाड मोडल्याचा संशय, त्वचेचा संसर्ग असेल तर मालिश नको. एकच पोटरी अचानक सुजली, लाल झाली, दुखू लागली, तर चोळू नका, तडक डॉक्टर गाठा. शिरेत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. केशकर्तनालयात मानेला झटका देऊन कडकन आवाज काढून घ्यायची सवय सोडा. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. बाळाच्या नाकात-कानात तेल घालू नका आणि टाळूवर जोर देऊ नका. गरोदरपणात, कर्करोगाच्या उपचारांत किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि समोरच्याची मर्जी नसेल, तर स्पर्श करायचाच नाही. मनाविरुद्धचा हात ताण उतरवत नाही, वाढवतो.

आज रात्री करून बघा

तेल कोमट करा, हात एकमेकांवर घासून ऊन करा. समोरच्याला खुर्चीवर उलटं, खुर्चीच्या पाठीकडे तोंड करून बसवा आणि कपाळ दुमडलेल्या हातांवर टेकवू द्या. आधी नुसते तळहात खांद्यांवर ठेवून दोन-तीन श्वास थांबा. मग मानेच्या बुडापासून खांद्याच्या टोकापर्यंत संथ हात फिरवा. खांद्याचा मांसल भाग चिमटीत नव्हे, पुरत्या तळहातात धरून मळा. मणक्याच्या हाडावर दाब देऊ नका, दोन्ही बाजूंनी अंगठे खाली आणा. शेवटी कानामागून टाळूपर्यंत बोटांची टोकं फिरवा. दहा मिनिटं भरपूर झाली. मध्ये 'दाब बरा आहे ना?' एवढं विचारा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

घरात सगळ्यात जास्त कोण राबतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती व्यक्ती बहुतेक वेळा स्वतःहून 'पाय चेपून दे' असं म्हणत नाही. आज जेवणं आटोपली, ओटा आवरून झाला, की तुम्हीच तेलाची वाटी घेऊन तिच्यापाशी बसा. आणि आठवड्यातून एक दिवस हे ठरवूनच टाका.